श्री. चंद्रकांत पंडित यांस यवतमाळहून अनावृत पत्र

माननीय श्री. चंद्रकांत पंडित यांस,


ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांतून बहुधा कापसाचा भाव, नापिकी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांच्याच संदर्भात छापून येते, त्या यवतमाळ जिल्ह्यातील एका सामान्य माणसाने क्रिकेटसारख्या विषयावर आपणांस जाहीर पत्र लिहावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि आपल्या कारकिर्दीच्या जमाखर्चात आमच्या जिल्ह्याचीही एक लहानशी नोंद आहे, आणि त्या नोंदीच्या आधारे आपणांकडे एक मागणे मागण्याचा हक्क आम्हांस पोहोचतो, अशी माझी समजूत असल्यामुळे हा उपद्व्याप मी करीत आहे. पत्र खासगी न ठेवता चारचौघांसमोर ठेवण्याचे कारण इतकेच, की मागणे आपणांकडे असले तरी त्याचा विचार आम्हां वऱ्हाडकरांनीही करावयाचा आहे.

प्रथम आपल्या खेळाविषयी. १९८६ साली लीड्सच्या मैदानावर आपण कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले, आणि १९९२ पर्यंतच्या सहा वर्षांत आपल्या वाट्याला आल्या त्या अवघ्या पाच कसोट्या आणि छत्तीस एकदिवसीय सामने. आपण यष्टिरक्षक; यष्टिरक्षकाची जागा संघात एकच असते, आणि त्या काळात ती किरण मोरे यांच्याकडे होती. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा उपांत्य सामना ऐन सुरू व्हावयाच्या वेळी दिलीप वेंगसरकर आजारी पडले म्हणून आपणांस संघात घेण्यात आले, हे स्मरण अनेकांस असेल. दुसऱ्याच्या आजारपणातून मिळालेली संधी, तीही हरलेल्या सामन्यात, हे आपल्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचे थोडक्यात चित्र म्हणावे लागेल. आणि तरीही प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आपण आठ हजारांहून अधिक धावा केल्या, त्याही अठ्ठेचाळिसांहून अधिक सरासरीने; ज्या सरासरीवर दुसऱ्या एखाद्या काळात, दुसऱ्या एखाद्या देशात, मनुष्य दहा वर्षे कसोटी संघात निर्वेधपणे नांदला असता.

ही उणीव मी आपल्या दुःखावर डागण्या देण्यासाठी उगाळीत नाही. उत्तम प्रशिक्षक बहुधा अशा माणसांतूनच निपजतात, असे खेळाचा इतिहास सांगतो, म्हणून ती येथे नमूद केली. आपले गुरू रमाकांत आचरेकर यांच्या नावावर एकच प्रथम श्रेणीचा सामना आहे. परंतु शिवाजी पार्कच्या धुळीत त्यांनी घडविलेल्या शिष्यांची यादी वाचू लागले तर भारतीय क्रिकेटच्या तीस वर्षांचा इतिहास वाचल्यासारखे होते. ज्यास खेळ उपजत वश असतो त्यास तो कसा वश झाला हे पुष्कळदा सांगता येत नाही. ज्यास प्रत्येक धावेसाठी कष्ट उपसावे लागले, संघाबाहेर बसून आतल्यांचा खेळ न्याहाळावा लागला, त्याच्यापाशी मात्र खेळाची कारणमीमांसा तयार असते, आणि शिकविणे म्हणजे अखेरीस ती कारणमीमांसा दुसऱ्याच्या हाती देणे होय.

या कारणमीमांसेचा एक कठोर धडा आपण बेंगळुरूस घेतला. १९९९ साली मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून आपण कर्नाटकाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळलात. पहिल्या डावात पंचाहत्तर धावांची आघाडी हाती होती, पाचवा दिवस उजाडला होता, सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक आपलाच होता, आणि तरीही अखेरच्या दिवशी संघ कोसळून शहाण्णव धावांनी पराभूत झाला. आघाडी म्हणजे विजय नव्हे, आणि पाच दिवसांच्या सामन्यातील शेवटच्या दोन तासांची ढिलाई पहिल्या चार दिवसांचे कष्ट मातीस मिळवू शकते, हे सूत्र पुढे आपण ज्या ज्या संघाचे प्रशिक्षक झालात त्या त्या संघाच्या अंगी इतके बाणविले, की आपल्या संघांना आघाडीवर निजलेले फारसे कोणी पाहिले नाही. मुंबईस आपण २००२–०३, २००३–०४ आणि २०१५–१६ असे तीन वेळा रणजी करंडक मिळवून दिले. पुढल्याच हंगामात मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि आपला करार पुढे चालू राहिला नाही. अंतिम सामन्यापर्यंत नेलेल्या माणसास निरोप देण्याचा हा शिरस्ता मुंबईकरांस परवडत असेल. आम्हांस मात्र तो लाभदायक ठरला, कारण २०१७ साली आपण विदर्भाचे प्रशिक्षक म्हणून नागपुरास आलात.

आपण आलात तेव्हा विदर्भाची अवस्था काय होती, ते मुंबईच्या माणसास कितीही सांगितले तरी पुरते उमगणार नाही. १९५७–५८ पासून विदर्भाचा संघ रणजी करंडकात खेळत होता, आणि साठ वर्षांत एकदाही उपांत्य फेरी त्याने पाहिली नव्हती. आमच्या मुलुखात गुणी माणसे निपजली नाहीत असे नव्हे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालचा, आणि तोही नागपुरातला. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा उत्कर्ष झाला तो इंदूरच्या होळकर दरबारी, आणि होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला तेव्हा आम्ही दुरून टाळ्या वाजविल्या. विदर्भाने गुणवान माणूस इतर संस्थानांस द्यावा आणि स्वतः रिकाम्या हाताने बसावे, हाच आमचा जुना व्यवहार. मुंबईतून निघून, इंदूरच्या मैदानांवर काही वर्षे घालवून, एक माणूस उलट दिशेने आमच्याकडे आला, आणि त्या व्यवहाराची बाकी प्रथमच आमच्या बाजूस जमा झाली.

त्या हंगामाची हकीकत आता शाळकरी मुलांसही पाठ आहे. कोलकात्यास उपांत्य सामन्यात कर्नाटकासारख्या बलाढ्य संघास विजयासाठी अवघ्या १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने सात बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. मग इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्धचा अंतिम सामना. त्यात गुरबानीची हॅट्-ट्रिक, अक्षय वाडकरचे शतक, फैज फझलचे धीरगंभीर नेतृत्व, आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून मिळविलेला विजय. एरवी या मैदानाच्या नावातच आमचा जुना सल दडलेला. पण त्या दिवशी करंडक नागपुराकडे निघाला.

आता यवतमाळची नोंद. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरनजीक जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला. पहिल्या दिवसअखेर विदर्भाचे सात गडी दोनशे धावांत परतले होते. खेळपट्टीवर होता अक्षय कर्णेवार, आमच्या जिल्ह्यातील पांढरकवड्याचा मुलगा. त्याने दुसऱ्या दिवशी तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून नाबाद त्र्याहत्तर धावा काढल्या आणि डाव ३१२ पर्यंत नेला. सौराष्ट्राचा डाव ३०७ वर संपला. पाच धावांची ती आघाडी कागदावर नगण्य होती. पण प्रतिपक्षाच्या मनावर तिचे ओझे काय पडले असेल, ते दुसऱ्या डावात त्यांचा संघ १२७ धावांत गुंडाळला गेला त्यावरून ताडता येते. आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारासारख्या पहाडास दोन्ही डावांत स्वस्तात परत पाठविले, म्हणून सामन्याचा मानकरी तो ठरला, आणि ते योग्यच झाले. पण आम्ही यवतमाळकर मनातल्या मनात ती पाच धावांची आघाडी मोजीत बसलो. त्यानंतर आठवड्याभरातच इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध त्याच कर्णेवारने शतक ठोकले.

या कर्णेवारविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण माझ्या मागण्याचे मूळ तेथेच आहे. हा गोलंदाज दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. समोर डावखुरा फलंदाज आला की उजव्या हाताने ऑफ-स्पिन, उजवा आला की डाव्या हाताने. हात बदलावयाचा झाला म्हणजे नियमानुसार तो पंचास सांगतो, पंच फलंदाजास सांगतात, क्षेत्ररक्षक जागा बदलतात, आणि खांद्याचा तोल, पावलांची ठेवण, बोटांची पकड हे सारे आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे होऊन तोच चेंडू दुसऱ्या बाजूने येऊ लागतो. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईस ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांनी हा प्रकार पाहिला. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मंगळगिरी येथे मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी घेतले. पुरुषांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये तोवर कोणासही हे साधले नव्हते. हे कसब त्यास नागपुरात गवसले नाही. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा हा मुलगा चेंडू फेकताना मात्र डावा हात वापरतो, ही गोष्ट लहानपणीच त्याच्या स्थानिक प्रशिक्षकाच्या नजरेस आली, आणि डाव्या हातानेही टाकून पाहण्यास त्याने मुलास सुचविले. पुढे जे विक्रम झाले, जे करंडक आले, त्यांच्या मुळाशी जिल्ह्याच्या एका मैदानावर उभ्या असलेल्या माणसाची ती नजर होती. त्या दिवशी तेथे ती नजर नसती, तर कर्णेवार हा शेकडो सामान्य ऑफ-स्पिनरांपैकी एक होऊन राहिला असता, आणि आपल्यासारख्या निष्णात प्रशिक्षकाच्या हातीसुद्धा तो कधी लागला नसता.

प्रशिक्षकाचे मोठेपण आपण स्वतः अन्यत्रही सिद्ध केले आहे. २६ जून २०२२ रोजी बेंगळुरूच्या त्याच मैदानावर, जेथे तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून आपला हातचा करंडक गेला होता, मध्य प्रदेशाने आपल्या मार्गदर्शनाखाली मुंबईस सहा गडी राखून हरविले. ज्या शहराने आपणांस घडविले त्याच शहराचा संघ समोर होता, आणि त्याचे प्रशिक्षकही आचरेकर सरांचेच शिष्य, अमोल मुजुमदार, होते. योगायोग असा, की याच्या अवघ्या एक महिना आधी युरोपात असाच एक प्रसंग घडला. आयर्लंडकडून १२८ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला रोनन ओगारा हा रग्बीपटू. २००९ साली कार्डिफ येथे अखेरच्या मिनिटांत त्याने मारलेल्या लाथेने आयर्लंडला एकसष्ट वर्षांनी ‘ग्रँड स्लॅम’ हा सर्वोच्च मान मिळाला होता. २०१३ साली खेळ संपवून मायदेशी सन्मानाने बसण्याऐवजी तो पॅरिसच्या एका संघात साहाय्यक म्हणून गेला, तेथून न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला जाऊन तेथल्या संघात पुन्हा साहाय्यकाची उमेदवारी केली, आणि मग फ्रान्सच्या ला रोशेल या बंदरगावच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मे २०२२ मध्ये त्या संघाने युरोपातील सर्वश्रेष्ठ क्लबस्पर्धेच्या अंतिम सामन्यात डब्लिनच्या लेन्स्टर संघास २४–२१ असे हरविले, आणि पुढल्या वर्षी खुद्द डब्लिनमध्ये एका गुणाने पुन्हा हरविले. ओगाराची खेळाडू म्हणून थोरवी आपल्याहून वेगळ्या जातीची. त्यास देशाच्या संघात जागा भरपूर मिळाली. परंतु खेळाडूचा प्रशिक्षक होताना जी शिष्यदशा पुन्हा पत्करावी लागते, परक्या मुलुखात जाऊन तेथल्या माणसांस आपलेसे करावे लागते, आणि प्रसंगी आपल्याच माणसांविरुद्ध उभे राहावे लागते, ती साधना दोघांचीही एकच दिसते.

आपल्या शिस्तीविषयी प्रवाद आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. कोलकात्याच्या आयपीएल संघातील एका परदेशी खेळाडूने आपल्या करड्या शिस्तीबद्दल जाहीरपणे नापसंती व्यक्त केली होती. त्याच संघाने २०२४ साली आपण प्रशिक्षक असताना विजेतेपद पटकाविले, हेही तितकेच खरे. माझे मत विचाराल तर, जगभर खेळून आलेल्या व्यावसायिक खेळाडूस शिस्तीचा जाच वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रदेशात खेळाडूस स्वतःच्या योग्यतेविषयीच संशय असतो, तेथे ती शिस्त आधाराचे काम करते. साठ वर्षे हरत आलेल्या संघास पहाटे उठविणाऱ्या, चुकले तर चारचौघांत बोलणाऱ्या आणि ‘आपण विदर्भाचे, आपल्याकडून एवढेच होणार’ ही सबब बाद ठरविणाऱ्या माणसाची गरज होती. तो माणूस आपल्या रूपाने आम्हांस लाभला.

आणि त्याचे फळ आपल्या पश्चातही टिकले, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा आपण येथे नव्हता. प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाकडूनच खेळून पुढे प्रशिक्षणाकडे वळलेले. त्याच हंगामात हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजाने एकोणसत्तर बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम मोडला. २०१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आमच्याविरुद्ध शतक झळकावणारा ध्रुव शौरी आता विदर्भाकडून खेळत होता, आणि २०१९ चा आमचा मानकरी सरवटे केरळकडून. माणसे आली, गेली, बाजू बदलल्या. संघाचे वळण मात्र टिकून राहिले. परक्याने येऊन लावलेली शिस्त घरच्या माणसाने चालविली, यापरते प्रशिक्षकाच्या यशाचे दुसरे प्रमाणपत्र नाही.

परंतु हे सारे नागपुरात घडले. यवतमाळात, वणीत, पुसदला, उमरखेडला, दारव्ह्यास काय आहे, ते एकदा डोळ्यांनी पाहावे. एप्रिलच्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वीच्या दीड-दोन तासांत, तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणावर मुले काथ्याची मॅटिंग उलगडतात आणि तिच्या कडांना खिळे ठोकतात. मधोमध ती विरलेली असते, त्यामुळे चांगल्या टप्प्याचा चेंडू एकदा घोट्याशी राहतो आणि पुढचा हनुवटीशी उडतो; फलंदाज पुढे पाय टाकण्याचे धाडस गमावून बसतो, आणि ती भीती पुढे हिरवळीच्या खेळपट्टीवर गेल्यावरही त्याच्या पायातून निघत नाही. नेट असते तर एकच असते, बॅटी दोन-चार, आणि खेळणारी पोरे दोन डझन. या सर्वांवर देखरेख करणारा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, असलाच तर, एकाच वेळी हजेरीपटाचा, पोषण आहाराच्या हिशेबाचा, निवडणुकीच्या कामाचा आणि कबड्डीपासून खो-खोपर्यंत साऱ्या खेळांचा धनी असतो. त्याच्या अंगी उत्साह नसतो असे मुळीच नाही. पण डाव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या मुलाकडे थांबून पाहण्याची नजर अशा माणसास आपोआप येत नाही, ती कोणीतरी द्यावी लागते. आमच्या सोळा तालुक्यांत मुलांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना ओळखणाऱ्या डोळ्यांची.

शिकविणाऱ्यास शिकवावे, ही कल्पना वऱ्हाडास नवी नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीस स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्ल आणि कसरतपटू तर घडविलेच, त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकेही दाखविली. परंतु त्या मंडळाचे खरे ऋण महाराष्ट्राच्या शाळाशाळांतून पसरलेल्या व्यायामशिक्षकांच्या रूपाने उभे आहे. खेळाडूचे नाव होते, शिक्षकाचे होत नाही. पण एका खेळाडूमागे एक कारकीर्द असते, तर एका शिक्षकामागे पंचवीस-तीस वर्षांच्या तुकड्या. वैद्य बंधूंस जे शंभर वर्षांपूर्वी उमगले ते क्रिकेटच्या बाबतीत आम्ही अजून अमलात आणलेले नाही. अकादमी उभारली, स्टेडियम बांधले, परप्रांतीय अनुभवी खेळाडू बोलाविले. हे सर्व योग्यच. पण त्या इमारतीच्या तळमजल्यावर बसावयाचा माणूस अद्याप कोणी नेमला नाही.

म्हणून आपणांकडे माझी विनंती अशी आहे. आपण यवतमाळास यावे, आणि खेळाडूंसाठी नव्हे, तर शिक्षकांसाठी एक शिबिर घ्यावे. जिल्ह्यातील शारीरिक शिक्षक, जिल्हास्तरावर खेळून आता दुकानांत, बँकांत, शेतांवर काम करणारे जुने खेळाडू, आणि शिकविण्याची हौस असलेल्या तरुणी (मुलींच्या क्रिकेटकडे आता दुर्लक्ष करणे म्हणजे निम्मे गुण मुद्दाम वाया घालविणे होय), असे निवडक लोक आपल्यापुढे बसतील. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात बॅट न देता त्याचे काय पाहावे. मॅटिंगवर वाढलेल्या फलंदाजाची भीती कशी घालवावी. यष्ट्यांमागे उभ्या असलेल्या मुलाचे डोळे कोठे असावेत. आणि आघाडी हाती असताना शेवटचे दोन तास कसे खेळावे, हे आपण त्यांस सांगावे. दुसरे म्हणजे, मराठीत हे सारे लिहून काढावे. आपल्या गुरूंची विद्या बहुतांशी शिष्यांच्या आठवणींतच राहिली. आपली तशी राहू नये. विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडेही या पत्राद्वारे प्रार्थना करतो, की नागपूरबाहेरच्या जिल्ह्यांत तालुकानिहाय प्रशिक्षक नेमण्याचा आणि त्यांस नियमित मानधन देण्याचा विचार व्हावा. करंडकांनी मिळविलेल्या कीर्तीतून एवढा खर्च सहज निघावा.

आपण आमच्यासाठी पुष्कळ केले आहे, याची आम्हांस जाणीव आहे. विदर्भास विजयी संघ मिळाला, आत्मविश्वास मिळाला, परंपरा मिळाली. आता उरले आहे ते खालचे काम, ज्यास प्रसिद्धी नाही आणि करंडकही नाही, पण ज्याच्यावाचून पुढला करंडक उसन्या माणसांवर अवलंबून राहील. ते काम करण्यास आपल्याइतका अधिकारी माणूस दुसरा दिसत नाही. तरी आपण येण्याचे करावे; निवासाची, मैदानाची आणि माणसे जमविण्याची व्यवस्था आम्ही जिल्ह्यातील क्रीडाप्रेमी मिळून करू.



आपला नम्र,
एक यवतमाळकर